ताण आणि वाढ

फार ताणले की तुटते, असे आपण सहज म्हणून जातो. दोराविषयी ते खरे आहे, नात्यांविषयीही बहुधा खरे असावे. जिवंत शरीराविषयी मात्र ते अर्धेच खरे आहे. दोर ताणला तर त्यात नवा धागा निर्माण होत नाही. तो आहे तेवढ्यातच लांबतो आणि सोसेनासे झाले की तुटतो. शरीराला मात्र हलक्या हाताने, दीर्घकाळ आणि मर्यादा राखून ताण दिला, तर ते त्या ताणाला वाढीने उत्तर देते. माझी अडतीस वर्षे रुग्णसेवेत गेली. त्या काळात हे सत्य मी अनेक रूपांत पाहिले. परंतु शरीराचे सगळे घटक हे उत्तर सारखेच देत नाहीत, आणि आपण ज्याला काहीशा तुच्छतेने चरबी म्हणतो त्या मेदाचे उत्तर तर सर्वांत निराळे असते, याचा प्रत्यय मला माझ्या भाचीच्या उपचारांत आला. त्याविषयी दोन शब्द लिहावेत असे वाटते.

आपल्या आज्या-पणज्यांच्या कानांच्या पाळ्या आठवून पाहा. जड दागिन्यांनी वर्षानुवर्षे खाली ओढलेल्या त्या पाळ्या लांबत जात आणि दागिना उतरवला तरी पूर्ववत होत नसत. गर्भवतीच्या पोटावरची त्वचा नऊ महिन्यांत केवढी पसरते! ती निव्वळ ताणली गेली असती तर फाटली असती. ती वाढते म्हणून टिकते. निसर्गातली ही उदाहरणे आपल्या डोळ्यांसमोर पूर्वापार होती, पण त्यांतून उपचाराची रीत शोधायला माणसाला फार काळ लागला.

विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ साली मिरजेत रुग्णालय उभारले आणि पुढे त्या गावाला वैद्यकीय पंढरी असे नाव पडले. त्याच गावात मी परिचर्येचे शिक्षण घेतले. आरंभीची काही वर्षे कुष्ठरुग्णांच्या सेवेत गेली. कुष्ठरोगाने मज्जातंतू निकामी झाले की बोटे पंजासारखी आत वळतात आणि तशीच राहिली तर तळव्याकडची त्वचा व स्नायुबंध आखडून जातात. अशा हातावर शस्त्रक्रिया करण्यापूर्वी तो मोकळा करावा लागतो. वेल्लोरच्या डॉ. पॉल ब्रँड यांची शिकवण आमच्यापर्यंत पोहोचली होती. १९१४ साली तमिळनाडूतील कोल्ली डोंगरात मिशनरी आईवडिलांच्या पोटी जन्मलेले हे शल्यविशारद १९४६ मध्ये वेल्लोरला आले आणि कुष्ठरुग्णांचे हात पुन्हा कामाला लावणे हेच त्यांनी जीवितकार्य मानले. आखडलेले बोट जोर लावून सरळ करू नका, असे ते बजावत. जोर लावला की आत फाटते, सूज येते आणि व्रण अधिक घट्ट होतो. बोट जेवढे सहज उघडेल तेवढे उघडून त्यावर प्लास्टर घालायचे, काही दिवसांनी ते काढून किंचित अधिक उघडलेल्या स्थितीत नवे घालायचे. आम्ही त्याला ताणणे म्हणत असू. ब्रँड मात्र त्याला वाढ म्हणत. धीम्या ताणाखाली पेशी जुनी ऊती मोडतात आणि त्या मापाची नवी रचतात, असे त्यांचे प्रतिपादन होते.

आता भाचीविषयी. माझी धाकटी बहीण साताऱ्याला दिली आहे. तिची ही मुलगी नऊ वर्षांची असताना स्टोव्हच्या भडक्यात भाजली. जीव वाचला, पण उजव्या जबड्यापासून गळ्यापर्यंत जाड, ओढलेला व्रण राहिला. वय वाढले, हाडे वाढली. व्रण मात्र वाढत नसतो, त्यामुळे मान त्या बाजूला खेचली जाऊ लागली. आकाश पाहायचे तर तिला कमरेतून मागे वाकावे लागे. तिने पदवी घेतली, साताऱ्यातल्या एका पतसंस्थेत नोकरी धरली. स्थळे आली आणि चहा पिऊन गेली. बावीसाव्या वर्षी तिने स्वतःच निर्णय घेतला आणि मला सांगितले, “मावशी, लग्नासाठी नाही, मला मान वर करून चालायचे आहे.” उपचार सांगली-मिरज परिसरात होणार होते, म्हणून ती माझ्याकडे येऊ-जाऊ लागली.

व्रण काढून टाकणे अवघड नसते. त्या जागी काय आणायचे हा प्रश्न असतो. आपल्या महाराष्ट्राने त्याचे एक उत्तर फार पूर्वी दिले आहे. टिपूविरुद्धच्या युद्धात इंग्रज फौजेबरोबर असलेल्या कावसजी नावाच्या गाडीवानाचे नाक कैदेत कापले गेले होते. पुण्याजवळ कुंभार जातीच्या एका कारागिराने त्याच्या कपाळाची त्वचा, तिचा देठ रक्तपुरवठ्यासाठी तसाच राखून, खाली वळवली आणि नवे नाक घडवले. त्याची हकिकत १७९४ च्या ऑक्टोबरात लंडनच्या एका मासिकात छापून आली आणि युरोपातील शल्यविशारदांचे डोळे उघडले. शेजारची, त्याच रंगाची त्वचा आणावी, हे तत्त्व आजही तेच आहे. अडचण एवढीच की शेजाऱ्याकडेही शिल्लक असावी लागते. भाचीच्या गळ्याशेजारी पुरेशी निरोगी त्वचा नव्हती. ती प्रथम पिकवावी लागणार होती.

हे पिकवण्याचे तंत्र १९५७ साली न्यूमन या अमेरिकी शल्यविशारदाने योजिले. तुटलेला कान पुन्हा घडवण्यासाठी त्याने कानामागच्या त्वचेखाली रबरी फुगा ठेवून तो हळूहळू फुगवला. पुढे १९७६ च्या सुमारास रॅडोव्हन यांनी सिलिकोनची पिशवी आणि सुई काढताच आपोआप मिटणारी झडप अशी जोडी तयार केली, आणि जगभर ही पद्धत रुळली. भाचीच्या खांदा आणि मान यांच्या मधल्या त्वचेखाली अशी पिशवी बसवण्यात आली. टाके भरून आल्यावर दर शनिवारी झडपेत सुईने थोडे खारे पाणी भरायचे, असा क्रम ठरला.

तिसऱ्या शनिवारनंतर ती फुगवटी दिसू लागली. सातारहून एस.टी.ने कराड, पेठ नाका, आष्टा असे करीत ती सांगलीला येई. ओढणी कितीही लपेटली तरी शेजारच्या बाईचे लक्ष जाईच. “गळू आलंय का गं?” असा प्रश्न तिने किती वेळा ऐकला असेल! पाणी भरताना डॉक्टरांची नजर पिशवीवर नव्हे, त्वचेच्या रंगावर असे. त्वचा पांढरी पडली किंवा दुखणे असह्य झाले, तर रक्त पोहोचत नाही असे समजायचे आणि भरलेले थोडे पाणी परत काढून घ्यायचे. मिरजेत तंबोरे घडवणाऱ्यांच्या गल्लीतून जाताना मला नेहमी जाणवे की तार लावणाऱ्याचा हातही असाच असतो. खुंटी तो एकदम पिळत नाही. थोडी फिरवतो, कान देतो, पुन्हा थोडी फिरवतो. फरक एवढाच की तारेला उसंत देऊन ती वाढत नाही, आणि माणसाची त्वचा त्या आठवड्याच्या उसंतीतच वाढते.

एका शनिवारी आरशासमोर उभी राहून तिने मला विचारले, “मावशी, ही माझी नवी कातडी आहे, की जुनीच ओढून पातळ केलेली?” हा प्रश्न मला फार मोलाचा वाटला, कारण शास्त्रज्ञांनीही नेमका हाच विचारला होता. उत्तर दुहेरी आहे. पहिल्या काही तासांत जे मिळते ते निव्वळ ओढलेले असते. नंतर मात्र ताणलेल्या पेशींचे विभाजन वाढते, सर्वांत वरचा थर, म्हणजे बाह्यत्वचा, जाड होतो, आणि नव्या रक्तवाहिन्या फुटतात. म्हणून तर अशी वाढवलेली त्वचा दुसरीकडे वळवली असता चांगली जगते. त्याखालची अंतस्त्वचा मात्र पातळ होते. आणि सर्वांत मोठा फटका बसतो तो तिच्याखालच्या मेदाच्या थराला.

असे का व्हावे? मेदपेशी म्हणजे तेलाचा एक मोठा थेंब पोटात घेऊन बसलेली गोल पेशी. बाकीचे सर्व काही कडेला ढकललेले, आवरण नाजूक. शिवाय ती रक्तावर फार अवलंबून असते; जवळजवळ प्रत्येक मेदपेशीला एखादी केशवाहिनी बिलगलेली असते. खालून पिशवी फुगते आणि वरून त्वचा आवळते, तेव्हा मधल्या मेदाच्या वाट्याला ताणापेक्षा दाबच अधिक येतो. पेशींतले तेल कमी होते, काही पेशी नाहीशा होतात. पिशवी काढल्यावर इतर थर बरेचसे सावरतात. मेद पुरता सावरत नाही. त्याचे आणखी एक कारण २००८ साली स्वीडनच्या शास्त्रज्ञांनी दाखवून दिले आहे. अणुचाचण्यांमुळे वातावरणात पसरलेल्या कार्बनच्या आधारे त्यांनी मेदपेशींचे वय मोजले. मेदपेशींची संख्या बालपणी व कुमारवयात ठरते. प्रौढपणी दरवर्षी साधारण दहा टक्के पेशी बदलल्या जातात, पण एकूण संख्या जवळजवळ स्थिर राहते. माणूस लठ्ठ वा रोड होतो तो बहुतांशी त्याच पेशी भरल्याने वा रिकाम्या झाल्याने.

अकरा शनिवारांनंतर मोठी शस्त्रक्रिया झाली. व्रण निघाला, नवी त्वचा गळ्यावर वळवली गेली. महिन्याभराने तिने अंगणात उभे राहून मान वर केली. तिच्या आईने पदराने डोळे पुसले, आणि मी डॉक्टरांच्या नावाने मनोमन हात जोडले. पण लवकरच तिच्या लक्षात आले की जबड्याखालची कड खोलगट राहिली आहे. रंग जुळला होता, मान मोकळी झाली होती. परंतु डावीकडची भरीव गोलाई उजवीकडे नव्हती. त्वचा इतकी पातळ होती की खालची शीर दिसे. आगीने तिथला मेद आधीच जाळला होता, आणि पिशवीवर पिकवलेल्या त्वचेने आपल्याबरोबर फारसा मेद आणला नव्हता. डॉक्टरांनी सुचवले, पोटावरचा थोडा मेद काढून तिथे भरू या.

ही कल्पनाही जुनीच आहे. जर्मनीच्या नॉयबर यांनी १८९३ मध्ये दंडाचा मेद काढून डोळ्याखालच्या खोल व्रणात भरला होता. लहान तुकडे टिकतात, मोठे तग धरत नाहीत, असा त्यांचा अनुभव होता. त्याचे मर्म २०१२ साली टोकियोच्या संशोधकांनी उलगडून दाखवले. रोपलेल्या मेदाच्या गोळ्याला सुरुवातीला स्वतःचा रक्तपुरवठा नसतो. प्राणवायू शेजारून झिरपत येतो. म्हणून अगदी कडेच्या, मिलिमीटरच्या काही अंशांएवढ्या पट्टीतल्याच मेदपेशी जगतात. त्याच्या आतल्या पट्टीत जुन्या पेशी मरतात, पण तिथल्या चिवट मूळपेशी तग धरून नव्या मेदपेशी घडवतात. मेदात अशा मूळपेशी असतात, हे कॅलिफोर्नियातील संशोधकांनी २००१ साली दाखवले होते. गाभ्यात मात्र काहीच वाचत नाही. म्हणून आता मेद बारीक कणांत, थेंबाथेंबाने, अनेक दिशांनी पेरतात. आमच्या सांगलीच्या हळदकऱ्यांना हे समजावून सांगावे लागणार नाही. एका खड्ड्यात ढीगभर बियाणे ओतून कोणी पीक काढत नाही.

पहिल्या वेळी पेरलेल्या मेदापैकी तीन महिन्यांनी निम्म्याहून कमी राहिला. बहिणीचा धीर सुटला. “पोटातलं काढलं, गळ्यात घातलं, आणि गेलं कुठे?” असे ती मला विचारी. भाचीने मात्र दुसराच प्रश्न केला. ताणल्यामुळे कातडी वाढली, मग ताणूनच मेदही वाढवता येणार नाही का?

या प्रश्नाचा मागोवा घेताना मला जे समजले त्याने मी स्तिमित झाले. २००४ साली जपानी संशोधकांनी उंदराच्या, मेदपेशी होऊ घातलेल्या पेशी लवचिक पृष्ठभागावर वाढवल्या आणि तो पृष्ठभाग पुन्हा पुन्हा ताणून सोडला. त्या पेशींची मेदपेशी होण्याची वाटचाल थांबली. २०१२ साली तेल अवीवच्या संशोधकांनी त्याच जातीच्या पेशींना ताण दिला, पण तो सोडला नाही. स्थिर धरून ठेवला. तेव्हा उलट घडले: पेशींत तेल अधिक लवकर साठू लागले. ताण एकच, हालता असला तर मेद आखडता हात घेतो, स्थिर असला तर हात सैल सोडतो. चालणाऱ्या आणि बसून राहणाऱ्या माणसाच्या देहात असेच काही घडत असेल काय, असा विचार त्यातून साहजिकच मनात येतो. अर्थात थाळीतल्या पेशी म्हणजे माणूस नव्हे. २००४ सालीच दुसऱ्या एका प्रयोगात दिसले की मूळपेशीला गोल राहू दिले तर ती मेदाच्या दिशेने जाते आणि पसरून ताणलेली ठेवली तर हाडाच्या दिशेने. म्हणजे पेशी केवळ रसायनांचे ऐकत नाही. आपल्याला किती जागा आहे, कोण ओढते आहे, हेही ती चाचपून पाहते.

या विचाराला रुग्णापर्यंत नेण्याचा एक प्रयत्न मायामीच्या डॉ. खौरी यांनी केला. दाब न देता बाहेरून ओढ द्यायची, ही त्यांची कल्पना. स्तनांवर घुमटासारखी झाकणे बसवून आतली हवा हलकेच शोषायची. दिवसाचे दहा तास, दहा आठवडे. २००० साली त्यांनी आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. पुढे मेद भरण्यापूर्वी जागा आणि रक्तवाहिन्या तयार करण्यासाठी हीच ओढ वापरली गेली. उंदरांवरच्या प्रयोगांत तिने रक्तवाहिन्या आणि मेदपेशी दोन्ही वाढल्याचे दिसले. मात्र अशा वाढीतला काही भाग निव्वळ सूज असते आणि ती ओसरते. शिवाय इतके तास ते साधन अंगावर वागवणे सोपे नाही. खालून ढकलणाऱ्या पिशवीने मेद झिजतो आणि बाहेरून ओढणाऱ्या घुमटाखाली त्याला वाव मिळतो, हा भेद मात्र ध्यानात ठेवण्याजोगा आहे. त्वचेच्या दृष्टीने दोन्ही ताणच. मेदाच्या दृष्टीने एक कोंडमारा आणि दुसरा मोकळीक.

गळ्यावर असा घुमट बसवणे शक्य नव्हते. पण जागेचे तत्त्व डॉक्टरांनी दुसऱ्या खेपेस वापरले. सहा महिन्यांनी मेद भरताना त्यांनी आधी आतून जखडणारे व्रणाचे बारीक तंतू सुईच्या टोकाने ठिकठिकाणी छेदले, म्हणजे ओढ सैल होऊन जागा झाली, आणि मग थोडाच मेद पेरला. जास्त भरला असता तर दाब वाढून रक्त अडले असते. या वेळी अधिक टिकला. खोलगटपणा पुष्कळसा भरून आला, आणि विशेष म्हणजे वरची त्वचा हाताला मऊ लागू लागली, शीर झाकली गेली. पोटाचा मेद गळ्याशी गेला तरी आपला स्वभाव सोडत नाही; वजन वाढले की तोही फुगतो. हे कळल्यावर भाची हसून म्हणाली, “म्हणजे आता लग्नाच्या पंगतींत जिलबी बेताने!”

तिसऱ्या खेपेस मात्र तिने नकार दिला. थोडा उणेपणा अजून आहे. डॉक्टर म्हणाले, आणखी एकदा भरला तर तोही जाईल. तिने शांतपणे सांगितले की आता पुरे. मला तो निर्णय डॉक्टरांच्या कौशल्याइतकाच महत्त्वाचा वाटला. देहाला किती ताण द्यायचा हे जसे त्वचेच्या रंगावरून ओळखावे लागते, तसे माणसाला किती उपचार सोसवायचे हे त्याच्या चेहऱ्यावरून ओळखावे लागते; आणि तो थांबा म्हणाला की थांबावे लागते. परिपूर्ण गोलाईसाठी तिला आणखी एका वर्षाचे शनिवार द्यायचे नव्हते. मान वर झाली होती. तिला जे हवे होते ते तिच्याजवळ होते.

आपल्याकडे भाजण्याच्या घटना घरोघरी घडतात, आणि त्यांतून वाचलेल्यांपैकी पुष्कळजणी ओढणीआड आयुष्य काढतात. त्यांच्या घरच्यांना मला एवढेच सुचवावेसे वाटते: उपचारांची चौकशी करताना केवळ खर्च आणि दिवस विचारू नका. किती काळ, किती हळू, आणि त्वचेखालच्या मेदाचे काय होणार, हेही विचारा. त्वचा मिळाली म्हणजे चेहरा मिळाला असे होत नाही. त्वचेखालचे भरीवपण वेगळे मागावे लागते आणि ते एका खेपेत येईलच असे नाही. हे आधी ठाऊक असले तर तीन महिन्यांनी सूज ओसरताना धीर सुटत नाही.

आपण ताण हा शब्द आजकाल केवळ दुःखाच्या अर्थाने वापरतो. देहाच्या भाषेत तो एक प्रश्न आहे. अवधी आणि अवकाश देऊन विचारला तर त्वचा त्याला वाढून उत्तर देते. मेद तर अवकाशावाचून उत्तरच देत नाही. सर्वांना एकाच मापाने ओढणारा हात मग तो कितीही कुशल असो, अर्धेच काम करतो. उरलेले अर्धे काम प्रत्येक घटकाचा स्वभाव ओळखण्याचे आहे, आणि ते फक्त शल्यविशारदांनाच करावे लागते असे नाही.